६१७४ : देवळालीच्या शिक्षकांची संख्या

पिंपरीचा पिनकोड ४११०१८. त्यातले शेवटचे चार अंक घ्या : १०१८. हे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ८११० आणि चढत्या क्रमाने लिहिले की ०११८. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तर ७९९२. आता या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. ओळीने ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४ मिळते. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी येथेच थांबते!

आपल्या गावाचा पिनकोड, वाहनाचा क्रमांक, जन्मसाल, काहीही घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

हा गुणधर्म दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधला. डहाणूला जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्याविषयी लिहिले, तेव्हा तो जगभर पोहोचला.

वर्गात हा प्रयोग करताना एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, “सर, माझे उत्तर शून्य आले!” त्याने समजा २१११ घेतली असेल. २१११ − १११२ = ९९९, आणि ९९९ − ९९९ = ०. नियम चुकला का? नाही. उत्तर चार अंकी, म्हणजे ०९९९ असे लिहायला हवे. मग ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४!

पण खरा प्रश्न पुढेच आहे. शंभर संख्या तपासल्या, म्हणून नियम सर्व संख्यांना लागू झाला असे म्हणता येईल का? येणार नाही. सिद्धता हवी, आणि ती दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहे.

समजा, उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड आहेत. मग वजाबाकी
(१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ)
= ९९९(अ − ड) + ९०(ब − क).

म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, त्याहून मोठा नाही. तेव्हा एकूण जोड्या २ + ३ + … + १० = ५४. शून्याने सुरू होणाऱ्या धरून ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांत येऊन पडतात! त्या ५४ तपासल्या की सिद्धता पूर्ण झाली. त्यांतल्या काहींचे अंक तेच, फक्त क्रम वेगळा असतो. म्हणून प्रत्यक्षात ३० संख्या तपासल्या तरी पुरे.

तीन अंकी संख्यांसाठी असाच थांबा ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९ अशा चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही एक ठरलेला थांबा नाही.

आता ६१७४ च्या अंकांची बेरीज करा : १८. तिने ६१७४ ला भागले की ३४३, म्हणजे ७ चा घन. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले.

त्या ५४ संख्या वर्गात वाटून द्या. वजाबाकीचा सराव तर होईलच. शिवाय ‘पुष्कळदा खरे ठरले’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतला फरक मुलांना स्वतःच्या हाताने कळेल.