अटकेतील इजेची नोंद

भोर किंवा वेल्ह्याच्या बाजारात पोलीस ठाण्याचा विषय निघाला, की 'ते दफ्तर गोपनीय, आपल्याला कोण दाखवणार?' असा निर्वाळा मिळतो. तो निराधार नसला, तरी अर्धाच खरा आहे. अटकेच्या वेळी आरोपीने मागणी केल्यास (मेख हीच, की मागावे लागते) त्याच्या अंगावरील लहानमोठ्या इजा टिपून, तो व अटक करणारा अधिकारी या उभयतांच्या सह्यांनिशी जे तपासणी-टिपण (शरीरस्थितीची लेखी नोंद) करावयाचे, त्याची नक्कल त्यास द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली फर्मावले आहे. दूध घालताना फॅट मोजून चिठ्ठी हाती मिळते, म्हणूनच पुढे तंटा झाल्यास घातलेले दूध कसे होते ते दाखवता येते. ही नक्कल तशीच. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रतही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ अन्वये, आरोपीस किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीस द्यावयाची असते; त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज नको. तिऱ्हाइताला मात्र १० रुपये भरून तो अर्ज पुणे ग्रामीण पोलिसांकडे करावा लागतो, आणि खासगी तपशील वा तपासातील अडथळा या सबबींवर नकार येऊ शकतो. परंतु 'तपास चालू आहे' एवढे मोघम उत्तर पुरेसे नसून, अडथळा नेमका कसा येईल, हे अधिकाऱ्याने लेखी दाखवावयाचे असते.