लस टोचली, तरी खुरकूत का येते?

‘साहेब, लस तर टोचली व्हती. तरी बैलाच्या तोंडातून लाळ गळतीच. मंग लशीचा उपेग काय?’ केदारखेडा (ता. भोकरदन) भागात गावभेटीला गेलं की हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. ऐन पेरणीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात बैल बसला, दुभती म्हैस आटली, तर घरचा हिशेबच कोलमडतो. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, याचं उत्तर नीट समजून घेऊ.

लाळ्या खुरकूत विषाणूमुळे होते. जनावरांच्या रोगांतला पहिला विषाणू शास्त्रज्ञांनी १८९८ साली ओळखला, तो हाच. याचे एकूण सात प्रकार. आपल्या देशात ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तीन आढळतात. चौथा ‘सी’ प्रकार भारतात १९९५ नंतर दिसलेला नाही, म्हणून तो लशीतून वगळला. एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकाराला चालत नाही, म्हणून आपली लस तिन्ही प्रकारांची मिळून असते.

खरी मेख पुढे आहे. हा विषाणू वाढताना स्वतःच्या नकला काढतो. समजा, सातबाऱ्याच्या हजारो नकला हातानं उतरवल्या आणि तपासणारा कुणीच नसला, तर चुका होणारच. त्यातल्या बहुतेक चुका फुकट जातात, पण एखादी अशी निघते की विषाणूचं वरचं टरफलच थोडं वेगळं होतं. लशीनं जनावराच्या अंगात तयार झालेले रक्षक जुनं टरफल ओळखतात, नवं त्यांना ओळखू येत नाही. बीटी कपाशीला शेंदरी बोंडअळी आधी बळी पडायची. पुढे ती सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रानं तिचा फटका खाल्ला. तसाच हा प्रकार.

मग उपाय काय? जुना वाण रोगाला बळी पडू लागला की आपण नवा वाण आणतो, तसंच लशीतही करावं लागतं. ‘ए’ प्रकाराच्या लशीत पूर्वी १९८२ सालचा विषाणू होता. तो शिवारातल्या विषाणूशी जुळेना, तेव्हा त्या जागी २००० सालचा घेतला. हे ठरवण्यासाठी आजारी जनावराच्या नमुन्यातला विषाणू घेऊन, लस दिलेल्या जनावराच्या रक्तातले रक्षक त्याला कितपत रोखतात हे प्रयोगशाळेत बघतात. आपल्याकडे हे काम भुवनेश्वरच्या राष्ट्रीय लाळ-खुरकूत संस्थेत चालतं. माणसांच्या फ्लूच्या लशीचंही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा तिच्यातले वाण ठरवते.

सगळेच विषाणू इतके चंचल नसतात. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, तो सावकाश बदलतो. म्हणूनच २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना देता आली.

आता नवी वाट निघाली आहे. जिवंत विषाणू मोठ्या प्रमाणात वाढवण्याऐवजी त्याचं नुसतं रिकामं टरफल बनवायचं, आत बीज नाही. त्यामुळे कारखान्यातून रोग निसटण्याची भीती नाही. इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली खुरकुतीचं असं टरफल तयार करून दाखवलं, आणि ते उष्णतेत टिकावं म्हणून मजबूतही केलं. दुसरी वाट एम-आरएनएची. यात टरफल बनवण्याचा ‘निरोप’च अंगात सोडतात. विषाणू बदलला की निरोपातला मजकूर बदलायचा. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीनं कोरोनाच्या ओमायक्रॉनसाठी अशी लस काढली आणि २०२३ साली ती बाजारात आली. साध्या फ्रिजच्या थंडाव्यात राहणारी ही लस सुईविना देता येते.

पण गोठ्यातल्या प्रत्येक आजाराचं खापर बदलत्या विषाणूवर फोडू नका. खुरकुतीच्या लशीला २ ते ८ अंश थंडावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बर्फाविना फिरलेल्या लशीचा जोर कमी होतो. शिवाय तिचा जोर साधारण सहा महिनेच टिकतो. एक फेरी चुकली की जनावर उघडं पडतं. गावातली निम्मी जनावरं राहिली तर विषाणूला वाढायला रान मोकळं मिळतं, आणि जितकी वाढ तितक्या नकलेतल्या चुका जास्त.

तेव्हा एवढं करा. केंद्राचा लसीकरण कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. त्यातली लस मोफत मिळते. कानातला बारा आकडी बिल्ला पाहून नोंद करून घ्या. वासराला चार महिन्यांनंतर पहिली मात्रा, महिन्याभरानं दुसरी, पुढे दर सहा महिन्यांनी. ऊसतोडीला जाणाऱ्या बैलांना निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी टोचा, कारण अंगात ताकद यायला वेळ लागतो. बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा.

आणि लस देऊनही लाळ गळली, तर गावठी उपचारात दिवस घालवू नका, जनावर लपवू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ताज्या फोडाची साल डॉक्टरांना घेऊ द्या. फोड वाळल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. आपल्या शिवारातला विषाणू प्रयोगशाळेत पोचला, तरच पुढची लस त्याच्यावर बेतता येईल.