सावली दाखवणारा उजेड

रात्री जंगलातल्या पायवाटेवर सायकल चालवताना समोरचा दगड ओळखू येतो, तो मुख्यतः त्याच्या सावलीवरून. दिवसा रंग मदतीला असतात, आजूबाजूचा सगळा परिसर असतो. रात्री दिव्याच्या झोतात मुरूम, झाडाचं मूळ, वाळकं पान आणि दगड यांचा रंग जवळपास एकच होतो. मग उंच काय आणि खोल काय, हे सांगायला सावलीच उरते. ती किती दिसेल, हे दिवा किती महाग आहे यापेक्षा तो कुठे बसवलाय यावर ठरतं.

हिशेब करून पाहू. तुमच्यापुढे दहा मीटरवर पाच सेंटीमीटर उंचीचा दगड आहे. दिवा हँडलबारवर, जमिनीपासून एक मीटर उंच. दगडाची सावली त्याच्या मागे अर्धा मीटरभर पडते. पेडलवर उभं राहिल्यावर तुमचे डोळे साधारण १.६ मीटरवर येतात. तिथून पाहताना दगडामागची ३२ सेंटीमीटर जमीन दगडाआड जाते, पण उरलेली वीसेक सेंटीमीटर सावली काळ्या पट्टीसारखी स्पष्ट दिसते. आता तोच दिवा हेल्मेटवर लावा, १.७ मीटरवर. सावली ३० सेंटीमीटर पडते आणि ती सगळीच्या सगळी दगडाआड लपते. दिवा तोच, दगड तोच, उजेडही तेवढाच. तरी वाट सपाट भासते आणि चाक दगडावर आपटतं.

मग हेल्मेटवर दिवा लावायचाच कशाला? कारण हँडलबार जिकडे वळलंय तिकडेच त्यावरचा दिवा पाहतो. आडव्या वळणावर वाट डावीकडे जात असते आणि झोत समोरच्या कारवीत घुसलेला असतो. हेल्मेटवरचा दिवा मात्र तुमची नजर जाईल तिथे जातो. शिवाय त्याला आणखी एक गंमत साधते. हरीण, उदमांजर, बिबट्या अशा प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक परावर्तक थर असतो. तो आलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतो. दिवा तुमच्या डोळ्यांजवळ असेल तरच तो परतलेला प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतो. जमिनीवर शिकार करणाऱ्या काही कोळ्यांचे डोळेही असेच चमकतात. गवतात दवाचे थेंब लुकलुकताहेत असं वाटतं, आणि जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक थेंबाला आठ पाय असतात. थोडक्यात, हँडलबारचा दिवा जमीन दाखवतो आणि हेल्मेटचा दिवा तुमच्याकडे कोण पाहतंय ते.

असे दोन दिवे सामान्य माणसाच्या खिशाला परवडतात, हे गेल्या तीसेक वर्षांतलं नवल आहे. १९९२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या केनान भागात माउंटन बाइकची चोवीस तासांची सांघिक शर्यत सुरू झाली, तेव्हा रात्रीच्या फेऱ्या हॅलोजन दिव्यांवर आणि जड बॅटऱ्यांवर होत. हॅलोजन एका वॉटमागे जेमतेम १५ ते २० लुमेन प्रकाश देतो, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. पुढे निळा एलईडी हाती आला. त्याच्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. या निळ्या एलईडीसाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज सायकलचा साधा एलईडी दिवाही एका वॉटमागे शंभराच्या आसपास लुमेन देतो.

हा शंभराचा आकडा लक्षात ठेवा, कारण स्वस्त दिव्याच्या खोक्यावरचा मोठा दावा तपासायला तोच पुरतो. बहुतेक दिव्यांत १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. त्यात साधारण ३००० मिलिअँपिअर-तास मावतात, चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास. सरासरी ३.६ व्होल्टने गुणलं की हाती येतात जेमतेम ११ वॉट-तास. हजार लुमेनना दहा वॉट लागतात, म्हणजे एका सेलवर हजार लुमेन तासभर टिकतात. आता एकच सेल असलेल्या दिव्यावर ‘१०,००० लुमेन, ६ तास’ लिहिलेलं दिसलं, तर भागाकार करा. दहा हजार लुमेनना शंभर वॉट लागतील आणि सेलमधली ऊर्जा सहा-सात मिनिटांत संपेल. सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असेल, तर तो दिवा सरळ परत ठेवा. छपाईतच खोटेपणा असलेला लिथियम सेल घरात चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे.

खोक्यावर ‘बीम अंतर’ असाही आकडा असतो. एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार, जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथवरचं अंतर म्हणजे बीम अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. शंभर मीटर लिहिलं असेल, तर शंभर मीटरवर दिवा चांदणं पाडतो. पण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे दहा मीटरवर हाच दिवा त्याच्या शंभर पट, २५ लक्स देतो. उलट बाजूने पाहिलं, तर दुप्पट लांबवर तेवढाच उजेड हवा असेल तर चौपट ताकद लागते. एका अतिशक्तिमान दिव्यासाठी खर्च केलेल्या पैशांतून जास्तीची दृष्टी फार थोडी मिळते, ती यामुळे. याच मानकात दिवा किती वेळ चालतो ते उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजतात. ‘तीन तास’ याचा अर्थ तीन तास पूर्ण उजेड असा घेऊ नका.

मग पुरेसं किती? जंगलवाटेवर ताशी १५ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला चार मीटर. दगड दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एखादं सेकंद जातं आणि सुट्या मुरमावर थांबायला आणखी काही मीटर लागतात. पंधरा-वीस मीटर वाट नीट दिसली की या वेगाला पुरते. त्यासाठी हँडलबारवर खरे ५०० ते ८०० लुमेन आणि रुंद, मऊ कडांचा झोत हवा. हेल्मेटवर ३०० ते ५०० लुमेन, जरा अरुंद आणि वजनाने हलका. फार प्रखर दिव्याने चाकापुढची जमीनच लखलखते, बाहुली आकुंचन पावते आणि त्यापलीकडचं रान अधिकच काळं होतं. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि ती कमाई प्रखर झोतात क्षणात जाते. निळसर ६५०० केल्विनपेक्षा ४००० ते ५००० केल्विनचा उजेड घ्या. तांबडी माती आणि पालापाचोळा त्यात वेगवेगळे दिसतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी खास. धुकं उतरलं की हेल्मेटचा दिवा बंद करा, कारण थेंबांवरून उलटलेला उजेड थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स-४ दर्जाचा, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारा दिवा पाहा. बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं असावं. एलईडीची उष्णता त्यातूनच वाऱ्यावर जाते, प्लास्टिकच्या कवचात ती कोंडते.

पैसे मोजकेच असतील तर आधी हँडलबारचा दिवा, त्याबरोबर मागचा लाल दिवा आणि नंतर हेल्मेटचा, या क्रमाने घ्या. विकत घेतल्यावर रानात नेण्याआधी घरी पूर्ण उजेडावर, पंख्यासमोर ठेवून तो किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहा. मे-जूनमध्ये काजव्यांच्या वाटांवर दिवा सर्वांत मंद ठेवा आणि थांबाल तिथे विझवा, कारण नर-मादी एकमेकांना त्या लुकलुकीवरूनच शोधतात आणि आपल्या झोतात ती खूण हरवते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री जाऊ नका. जिथे मोकळीक आहे तिथेही एकट्याने जाऊ नका, आणि खिशात एक छोटी टॉर्च जादा ठेवा.