मूठ ज्याची त्याची

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून पिस्तुलांचा सुळसुळाट असतो. टिकल्यांची डबी, पत्र्याचे पिस्तूल आणि जिन्यावरून धावणारी पोरे! ते पिस्तूल घेताना कोणी हाताचे माप पाहत नाही. रंग चकचकीत असला, आवाज मोठा निघाला, की झाले. टिकल्यांच्या पिस्तुलाला ते शोभतेही. नवल एवढेच की, लाखाच्या वर रुपये मोजून नेमबाजीचे पिस्तूल घेणारे सुशिक्षित आईबापदेखील पुष्कळदा याच रीतीने खरेदीला निघतात.

गेली वीस-बावीस वर्षे रविवारची सकाळ मी एका नेमबाजीच्या क्लबात घालवत आलो आहे. नोकरी बँकेतली, पण नवशिक्या मुलामुलींच्या हातात पहिले पिस्तूल देण्याचे काम तेथे आपसूक माझ्याकडे आले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवली, एक एकटीने आणि दुसरे सरबज्योत सिंगच्या जोडीने. त्यानंतर आमच्याकडे पालकांची रीघ लागली. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच.

"सर, तिचं पिस्तूल कोणत्या कंपनीचं आहे हो?"

मी म्हणतो, "ताई, कंपनीचं मागाहून पाहू. आधी मुलीचा हात दाखवा."

"अहो, तुम्ही हातही बघता?"

हो, बघतो, मात्र रेषा नव्हे. आमच्या लहानपणी दारी कासार यायचा. आईचा हात हातात घेऊन तो बोटांची मुळे हलकेच दाबून पाहायचा आणि मगच सांगायचा, सव्वादोन की अडीच. पेटीतली सर्वांत सुंदर बांगडीसुद्धा हाताला होत नसेल, तर तो ती मुकाट्याने परत ठेवी. पिस्तूल निवडणाऱ्याने गुरू करायचाच झाला, तर त्या कासाराला करावा.

आधी एक खुलासा. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवावे की नाही, हा माझा विषय नव्हे. काडतुसांच्या हत्याराला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि त्याची वाट निराळी आहे. मी लिहितो आहे ते दहा मीटरवरच्या खेळाच्या पिस्तुलाबद्दल. दाबलेल्या हवेच्या जोरावर ते ४.५ मिलिमीटरचा छर्रा सोडते. आपली मुले प्रथम हातात घेतात ते हेच.

या खेळाचे गणित मोठे निर्दय आहे. दहा मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचे वर्तुळ असते ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते, मागच्या बाजूला खाच. डोळ्याने माशी खाचेच्या मधोमध बसवायची आणि चाप ओढायचा. या दोहोंत फूटभराहून थोडे अधिक अंतर असते. आता समजा, चाप ओढताना माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली. तेवढ्या चुकीने छर्रा निशाणावर जवळजवळ तीन सेंटिमीटर दूर जातो; दहाच्या जागी सात गुण पडतात. असे साठ नेम सव्वा तासात मारायचे, तेही किलोभर वजनाचे पिस्तूल एकाच हाताने उचलून. दुसऱ्या हाताचा टेकू चालत नाही. पॅरिसला तुर्कस्तानचे युसुफ डिकेच एक हात खिशात घालून उभे होते आणि त्यांचे छायाचित्र जगभर गाजले, ते आपणही पाहिले असेल. लोकांना ती ऐट वाटली. वास्तविक रिकामा हात लोंबकळला की शरीर डोलते. म्हणून कोणी तो खिशात घालतो, कोणी कमरपट्ट्यात अडकवतो.

एवढ्या बारीक कामात डोळा चुकतो त्यापेक्षा हात अधिक वेळा चुकतो. हात चुकतो याची दोन कारणे असतात: मूठ बसत नाही, किंवा चाप कळत नाही.

प्रथम मूठ. खेळाच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. ती हातात घेताना अंगठा आणि तर्जनी यांमधले बेचके मुठीच्या मागच्या खळगीत जितके वर जाईल तितके जाऊ द्यावे. पिस्तुलाची नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत आले पाहिजेत. तर्जनीखालची तीन बोटे मुठीला समोरून वेढतात. आवळायची नाहीत, दुधाचा भरलेला पेला धरावा इतपतच. तळहाताखाली एक सरकती फळी असते. ती हाताला टेकावी, चिमटा काढू नये. मुठीने हात सर्व बाजूंनी वेढता कामा नये आणि मनगट मोकळे राहिले पाहिजे, असा नियमच आहे.

मग एक सोपी परीक्षा घ्यावी. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून निशाणाच्या दिशेने उभे राहावे, डोळे मिटावेत, हात सवयीने वर न्यावा आणि डोळे उघडावेत. माशी आपण होऊन खाचेच्या मध्यावर आलेली दिसली, तर मूठ आपली. ती दर वेळी डावीकडे किंवा खाली दिसत असेल आणि मनगट वळवून जागेवर आणावी लागत असेल, तर ती मूठ परक्याची. साठ नेमांच्या सामन्यात साठ वेळा मनगट वळवायचे म्हणजे तिसाव्या नेमाला हात सांगणारच, की बाबा, आता पुरे!

मूठ बसली की तर्जनीकडे पाहावे. हे बोट लाकडाला कोठेही चिकटता कामा नये. बाकी सारा हात धरण्याचे काम करतो. हे एकटे बोट ओढण्याचे काम करते. त्याच्या पहिल्या पेराचा गुबगुबीत मध्यभाग चापावर टेकला म्हणजे चाप सरळ मागे येतो. नुसते टोक पोचत असेल, तर उजव्या हाताच्या नेमबाजाचा नेम बहुधा डावीकडे ढकलला जातो. सांध्यापर्यंत बोट आत गेले, तर उजवीकडे ओढला जातो. चांगल्या पिस्तुलात चापाची पट्टी मागेपुढे सरकवता येते, ती याचसाठी.

आता खुद्द चाप. हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅमचा भार सोसणारा हवा, असा नियम आहे. सामन्याच्या वेळी पंच नळी उभी धरून चापाला तेवढे वजन अडकवतात आणि हळूच उचलतात. अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटावर उचलण्यासारखेच ते. वजन अधांतरी आले तरी चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. पंचवीस मीटरवरच्या काडतुसाच्या पिस्तुलाला हाच भार दुप्पट, म्हणजे १००० ग्रॅम लागतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवनच्या विश्वचषकात सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ती दोन्ही पदके या किलोभराच्या चापावरची आहेत.

मात्र भार सारखा असला तरी चाप सारखा नसतो. काही चाप दोन टप्प्यांचे असतात. पहिल्या टप्प्यात बोट मोकळेपणी मागे येते आणि एका जागी भिंत लागल्यासारखे थांबते. त्यानंतर थोडासाच दाब वाढवला की सुटका. ही भिंत बोटाला स्पष्ट कळली पाहिजे. पुढचा दाब वाढत असताना चाप पारिजातकाच्या फुलासारखा सुटावा. फूल आत्ता गळणार हे ठाऊक असते. नेमके कोणत्या क्षणी, ते नसते. तो क्षण आधी कळला की हात दचकतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत माशी हलते. उलट काही चाप जुन्या कुलपासारखे करकर करत येतात. काही सुटल्यावरही मागे जातच राहतात. अंधारात जिना संपला हे न कळून पाय टाकावा तसे बोट पुढे पडते आणि सारा हात हेलकावतो. हे कानाने, डोळ्याने किंवा मोबाइलवरच्या चित्राने कळत नाही. बोटालाच विचारावे लागते, एकदा नव्हे, वीस-पंचवीस वेळा.

याची किंमत किती असते, ते मी एका घरात पाहिले आहे. आमच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी येत असे. वडील पोस्टात. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन परगावच्या एका मोठ्या मुलाचे वापरलेले विलायती पिस्तूल आणले होते. यंत्र उत्तम, नाव मोठे. पण मूठ होती सहा फुटी जवानाच्या पंजाची. पोरीचे छर्रे दर वेळी डावीकडे. पहिले दोन महिने वडील गप्प राहिले, मग बाकावर बसून म्हणू लागले, "लक्ष नाही तुझं. एवढे पैसे घातले, आणि तू नुसती खेळतेस." मुलगी हळू आवाजात म्हणायची, "बाबा, मी मुद्दाम नाही करत." पुढे-पुढे तेही म्हणेनाशी झाली. दहावीचे निमित्त करून ती खेळ सोडणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

एका रविवारी मी तिचा हात पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी फोड, आणि तर्जनीच्या अगदी टोकाला चापाचा लाल वळ. टोकालाच! बोट पुरत नव्हते म्हणून ती दर नेमाला पंजा मुठीभोवती फिरवून चाप गाठत होती. मी तिच्या वडिलांना तो वळ दाखवला. आमच्या कपाटात एक लहान मापाची जुनी मूठ होती, ती चढवली. तिच्या तळहाताला खडूची पूड लावून मूठ धरायला सांगितली. जेथे पांढरे फार उमटले तेथे कानस फिरवली, जेथे मुळीच उमटले नाही तेथे सुताराकडची लांबी भरली. चापाची पट्टी मागे घेतली. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी निशाणाचा कागद हाती आला तेव्हा गुण काही फार वाढलेले नव्हते. पण छर्रे मध्याभोवती गोळा झाले होते. वडील तो कागद बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पोर खोटं बोलत नव्हती." त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मुलगी ऑलिंपिकला गेली नाही. विद्यापीठाच्या संघातून खेळली, आणि आज दुसऱ्यांच्या मुलींना शिकवते.

म्हणून आईबापांना माझी विनंती असते, की पोराच्या मनाला दोष देण्याआधी लाकडाला दोष देऊन पाहावा. लाकूड कानशीने सुधारते.

हाताबद्दल बोलताना मला हंगेरीच्या कारोय ताकाच यांची आठवण होते. ते सैन्यात होते, उत्तम पिस्तूलबाज. १९३८ साली हातबाँबचा स्फोट होऊन त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली आणि १९४८ साली लंडनला, पुन्हा १९५२ साली हेलसिंकीला, जलद नेमबाजीचे सुवर्णपदक जिंकले. आमच्याकडे डावखुऱ्या मुलाला घेऊन येणारी आई विचारते, "याला उजव्या हातानं शिकवता येईल ना?" तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगतो. ताकाच यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्या मुलाचा चांगला हात शाबूत आहे; त्याला डाव्या हाताचीच मूठ घेऊन द्यावी.

आता खरेदीविषयी दोन शब्द. पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नये. क्लबाचीच पिस्तुले आलटूनपालटून वापरावीत आणि प्रत्येक मूठ कशी वाटली ते वहीत टिपून ठेवावे. मुलाचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्यावा. पिस्तूल मागवताना मापासाठी तो उपयोगी पडतो. वाढत्या वयाच्या मुलाला मोठी मूठ घेऊन ठेवू नये. गणवेश वाढत्या अंगाचा शिवता येतो, मूठ नाही. पिस्तूल तेच ठेवून मूठ मागाहून बदलता येते, हे बहुतेकांना माहीतच नसते. आणि घरी आणल्यावर ते कुलपात राहिले पाहिजे. ते रिकामे असले तरी भरलेलेच समजावे, नळी माणसाकडे कधी वळवू नये आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. एवढासा छर्रा डोळ्याचा घात करतो. छर्रा न घालता नुसता चाप सोडण्याचा सराव मात्र रोज दहा मिनिटे, मोकळ्या भिंतीसमोर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली जरूर करावा. हात तयार होतो तो याच दहा मिनिटांत.

या सुट्टीत मुलांना जवळच्या एखाद्या नेमबाजीच्या केंद्रावर घेऊन जा. चार पिस्तुले हातात धरू द्या, प्रत्येकाचा चाप वीस वेळा सोडू द्या आणि त्यांचे बोट काय म्हणते ते नीट ऐकून घ्या. पाकीट मात्र त्या दिवशी घरीच ठेवा. पाडव्याचा मुहूर्त हुकला तरी हरकत नाही. पुढच्या पाडव्यापर्यंत हातही थोडा मोठा झालेला असेल.