यंत्रमानवाचा रूळ आणि त्याच्या तारा

श्रोतेहो, कापसाच्या हंगामात अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या जिनात ज्याने डोकावून पाहिले असेल, त्याला आजचा विषय निम्मा ठाऊकच आहे. जिनात रूळ फिरतो. त्याच्या खरखरीत अंगाला रुईचे तंतू चिकटतात आणि रुळाला भिडवून बसवलेल्या पात्याखालून पलीकडे ओढले जातात. सरकी त्या फटीतून जात नाही. ती अलीकडेच अडते, आणि दुसरे हलते पाते तिला झटकून खाली पाडते. म्हणजे सारे काम दोन गोष्टींवर चालते: रुळाच्या अंगाला पकड किती, आणि फट केवढी.

आता तुम्ही विचाराल, याचा यंत्रमानवाशी संबंध काय? सांगतो. २०१६ साली केंद्र सरकारने अटल नवोन्मेष अभियान सुरू केले. त्यातून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघाल्या, आणि मुले यंत्रमानव, म्हणजे रोबो, करू लागली. यंत्रमानव म्हटले की हातपाय असलेला लोखंडी माणूस डोळ्यांपुढे येतो. स्पर्धेतला यंत्रमानव बहुधा तसा नसतो. तो असतो चार चाकांचा लहानसा गाडा. समोरचे चेंडू किंवा ठोकळे आत ओढायचे, पट्ट्यावरून वर न्यायचे आणि टोपलीत टाकायचे, हे त्याचे काम. २००८ साली पुण्यास ‘एबीयू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक देशांची स्पर्धा भरली, तेव्हा खेळ आपल्या दहीहंडीच्या कल्पनेवरच रचला होता!

तर आधी रूळ पाहू. मुले दुकानातला गुळगुळीत, चकचकीत रूळ आणतात आणि चेंडू त्याच्यावरून नुसता घसरतो. कठीण आणि गुळगुळीत वस्तू ओढायची असेल, तर रुळाचे अंग मऊ आणि चिवट हवे. प्लास्टिकच्या नळीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून पाहा. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. फट वस्तूपेक्षा किंचित कमी ठेवावी. चेंडू ७ सेंटिमीटरचा असेल, तर साडेसहापासून सुरुवात करावी. फट फार कमी केली की मोटार अडते. जास्त ठेवली की पकड जाते.

मग वेग. ५ सेंटिमीटर व्यासाचा रूळ एका फेऱ्यात सुमारे १५.७ सेंटिमीटर ओढतो. मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ५. तेव्हा ओढ झाली सेकंदाला सुमारे ७८ सेंटिमीटर. गाडा सेकंदाला ५० सेंटिमीटर पळत असेल, तर हे ठीक. पण रूळ गाड्यापेक्षा सावकाश फिरला, तर चेंडू आत यायच्याऐवजी पुढेच ढकलला जातो. गुरुजींनो, वर्तुळाच्या परिघाचे गणित शिकवायला याहून चांगला धडा कोणता?

खोकी किंवा ठोकळे रुळांच्या रांगेवरून न्यायचे असतील, तर वस्तूखाली केव्हाही निदान तीन रूळ यावेत. ३० सेंटिमीटरच्या खोक्यासाठी दोन रुळांच्या मध्यांतले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पट्टा वापरला, तर त्याच्या टोकाचा रूळ मध्यभागी किंचित फुगीर असावा, म्हणजे पट्टा बाजूला सरकत नाही. गावच्या पिठाच्या गिरणीत चपट्या पट्ट्याची पुली असेल, तर तिच्यावरून हात फिरवा, फुगवटा कळेल. अर्थात गिरणी बंद असताना!

आता तारा. स्पर्धेत दोन-तीन मिनिटांचाच डाव. महिनोन्‌महिने खपून केलेले यंत्र एका सुटलेल्या तारेपायी मैदानात उभेच राहते, आणि पोरांचे चेहरे पाहवत नाहीत. तार नुसती जोडून भागत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. रुळापासून ती दूर न्यावी. नाहीतर रूळ जशी रुई ओढतो, तशीच तारही ओढतो. जो भाग हलतो, तिथे तारेला थोडी ढील ठेवावी आणि दोन्ही बाजूंना बांधून घ्यावी, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. नुसते पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला सांधा धक्क्याने सुटतो. दाबून बसवलेली टोके वापरावीत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहावा.

जाडीकडेही पाहावे. मोटार १० अँपिअर घेत असेल आणि जाण्यायेण्याची मिळून तार २ मीटर असेल, तर १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे ०.३४ व्होल्ट खर्ची पडतो. तीच तार ०.२ चौरस मिलिमीटरची घेतली, तर १२ व्होल्टांतले सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि तार तापते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोटार अडली की नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज घालावा आणि हाताशी मुख्य बटण ठेवावे. कापसाच्या गंजीत एक ठिणगी काय करते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आणि अडकलेला चेंडू काढण्यापूर्वी बटण बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. फिरता रूळ चेंडू आणि बोट यांत फरक करीत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना घेऊन एकदा जवळचे जिन पाहून या. तिथल्या मिस्त्रीला विचारा, पात्याची फट तो कशी लावतो. मग शाळेत येऊन तीन तऱ्हांचे रूळ करा, प्रत्येकावर वीस-वीस चेंडू घाला आणि किती आत आले ते वहीत मांडा. महाग रूळ कोणता, हे दुकानदार सांगेल. योग्य रूळ कोणता, हे ती वहीच सांगेल.