रामन परिणामाचं दुसरं चित्र

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात रामन परिणामाचा तक्ता हमखास लागतो. रेणूच्या ऊर्जापातळ्यांच्या आडव्या रेघा, वर जाणारा लांब बाण, तुटक रेघ आणि तिथून खाली येणारा जरा आखूड बाण. प्रकाशकण शोषला गेला, मग बाहेर पडला आणि जाता जाता थोडी ऊर्जा रेणूला देऊन गेला. तक्ता चुकीचा नाही, अपुरा आहे. विखुरलेला प्रकाश किती, याचा हिशेब करायला दोन चित्रं लागतात.

दोन्ही काढून पाहा. उभी रेघ म्हणजे रेणू, काळ खालून वर सरकतो. नागमोडी रेघ म्हणजे प्रकाशकण; ती उभ्या रेघेला मिळते तो सांधा. पहिल्या चित्रात येणारी नागमोडी रेघ खाली येऊन मिळते, जाणारी तिच्या वरून निघते. दुसऱ्यात क्रम उलटा: जाणारा प्रकाशकण आधी निघून जातो आणि येणारा नंतर पोहोचतो! हे पहिल्यांदा वाचणारा दचकतोच. पण दोन सांध्यांच्या मध्ये रेणूचं काय चाललं होतं, हे कोणी मोजलेलं नसतं. सुरुवातीची आणि शेवटची ऊर्जा जुळली की पुंजयामिकीला तेवढं पुरतं. मधले सगळे शक्य क्रम हिशेबात धरावेच लागतात.

या विचित्र चित्राचा वाटा नगण्य असेल, असं वाटतं ना? रंग न बदलता विखुरणाऱ्या प्रकाशाचं सोपं उदाहरण घेऊ. समजा, एखादा रेणू फक्त १०० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि त्याच्यावर ५०० नॅनोमीटरचा प्रकाश पडला. म्हणजे रेणूच्या उडीला प्रकाशकणाच्या पाचपट ऊर्जा हवी. चित्रातल्या दोन सांध्यांमधल्या तुकड्याला ऊर्जेच्या तफावतीने भागायचं असतं. पहिल्या चित्रात एक प्रकाशकण पोटात आहे, तफावत ५ वजा १, म्हणजे ४. दुसऱ्यात एक आधीच बाहेर गेला आहे, तफावत ५ अधिक १, म्हणजे ६. एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश: वाटे ६० आणि ४०. शिवाय प्रकाशाची तीव्रता मिळते ती बेरजेच्या वर्गातून. दुसरं चित्र गाळलं तर ०.६ चा वर्ग, म्हणजे फक्त ३६ टक्के प्रकाश हिशेबात उरतो. जवळजवळ दोन तृतीयांश गायब!

हे वजा आणि अधिक पहिल्यांदा लिहिणाऱ्यांत हेंड्रिक क्रॅमर्स यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याची मला मनापासून खंत वाटते. क्रॅमर्स आणि २३ वर्षांचे हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये कोपनहेगनच्या मुक्कामातून प्रसिद्ध केलेल्या सूत्रात दोन्ही पदं आहेत, रंग बदलून विखुरणारा प्रकाशही आहे. रामन आणि कृष्णन यांनी तो कोलकात्यात पाहिला १९२८ मध्ये. फाइनमन यांनी पोकोनो परिषदेत अशा रेघांच्या आपल्या आकृत्या मांडल्या तेव्हा १९४८ उजाडलं होतं. त्या ऐकणाऱ्यांच्या पचनीही पडल्या नाहीत. त्यांचे पक्के नियम १९४९ मध्ये फ्रीमन डायसन यांनी बसवून दिले. म्हणजे चित्रं यायच्या दोन दशकांहून अधिक आधी दुसऱ्या चित्राचं उत्तर कागदावर होतं.

मग आकृत्या कशाला? लेसर आल्यावर त्याचं उत्तर मिळालं. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा प्रकाश क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून सोडला आणि दोन प्रकाशकणांचा एक होऊन निम्म्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मिळवला. इथे सांधे तीन, क्रम सहा (दोन तांबडे कण एकसारखे असल्याने वेगळे उरतात तीन). चार वेगवेगळे प्रकाशकण आले की क्रम चोवीस. जॉन वॉर्ड यांनी १९६५ मध्ये असे हिशेब आकृत्यांनी करायची पद्धत मांडली. नागमोडी रेघा वरखाली सरकवत चित्रं काढायची, प्रत्येकाखाली त्याच्या तफावती लिहायच्या आणि बेरीज करायची. चोवीस पदं नुसत्या बीजगणितात सांभाळताना एखादं निसटतं; चित्रांत राहिलेला क्रम लगेच नजरेला येतो.