मशीनला माणूस कळतो कसा?

मी वेळापूरहून बोलतोय. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू होताना गव्हाणीत मोळी टाकतात, हे तुम्हाला माहितीय. साखर कारखान्याची गव्हाण म्हणजे उसाचा चालता पट्टा. पुढे फिरत्या सुऱ्या, मग रोलर. ऊस कुठला आणि हात कुठला, त्यांना काय कळणार? मग माणूस जवळ आलाय हे मशीनला कळवायचं कसं? आज तेच बघू.

जिन्यात आपोआप लागणारा दिवा आठवा. त्यातला पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता हलली की ती टिपतो. पण आपण स्तब्ध उभे राहिलो की दिवा विझतो. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. भिंत आणि अंग जवळपास सारखंच गरम. दिव्याचं ठीक आहे, सुऱ्यांपाशी ही चूक परवडत नाही.

म्हणून प्रेससारख्या मशीनला लाइट कर्टन लावतात, म्हणजे प्रकाशाचा पडदा. एका खांबातून न दिसणारे इन्फ्रारेड किरण निघतात, समोरचा खांब ते पकडतो. मध्ये हात आला, किरण तुटला की मशीन बंद. गंमत बघा, हा पडदा माणसाला ओळखतच नाही. किरण पोचला नाही, एवढंच त्याला कळतं. वायर तुटली किंवा काचेवर धूळ बसली तरी तो मशीन थांबवतो. शंका आली की थांबायचं, हाच त्याचा नियम.

आता अंतराचा हिशोब. आयएसओ १३८५५ हे मानक माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतं. मशीन थांबायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात माणूस ८० सेंटिमीटर पुढे येतो. म्हणजे पडदा त्याहून लांब हवा. जड सुऱ्या तर मोटर बंद केल्यावरही फिरत राहतात. तिथे जाळी आणि सुऱ्या थांबेपर्यंत न उघडणारं दार लागतं.

खरा धोका पुढेच आहे. धुळीमुळे मशीन सारखं थांबतं, काम खोळंबतं, मग कुणीतरी सेन्सर बायपास करतं. तिथून पुढे मशीन आंधळं, आणि शेजारचा कामगार मात्र सेन्सरच्या भरवशावर! काच पुसायला दोन मिनिटं लागतात, मंडळी.

आणि आपल्या गोठ्यातली कडबाकुट्टी? तिला बहुतेक वेळा सेन्सरच नसतो. वैरण अडकली तर आधी मेन स्विच बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, मगच हात घाला. घरात जो कुट्टी करतो, त्याला हा भाग आजच ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!